भाकर किती, वरण किती

परभणी जिल्ह्यात शुगरच्या पेशंटशी जेवणाखाण्याबद्दल बोलायला बसलं की विषय भाकरीवर येतो, आणि तो पेशंटच काढतो. "मॅडम, भात सोडला, बटाटा सोडला, गोडाला तर हातबी लावत नाही. दोन्ही टाइम भाकरच खायलाव, तरी शुगर वाढायली." जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातला शेतकरी हे म्हणतो, पालमचा म्हणतो, परभणीच्या मोंढ्यातला हमालही म्हणतो. ज्वारी शुगरला चांगली, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं आणि त्यांनी ते औषधासारखं पाळलेलं असतं. मनापासून पथ्य करूनही आकडा खाली येत नाही, याचं त्यांना वाईट वाटतं आणि भीतीही वाटते.

मी आहार समुपदेशक म्हणून याच जिल्ह्यात काम करते. ग्रामीण रुग्णालयातल्या असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीत बसते, उपकेंद्रांच्या शिबिरांना जाते, आणि आशाताई बोलावतील त्या घरी जाते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासायची असा सरकारी कार्यक्रम आहे, त्यामुळे कुठलाच त्रास होत नसलेली माणसंही आता शुगर घेऊन समोर येतात. डॉक्टरांनी गोळी लिहिली की केसपेपर माझ्या टेबलावर येतो. पुष्कळांच्या पिशवीत आधी कुठून तरी मिळालेला छापील तक्ताही असतो. सकाळी ओट्स, अकरा वाजता एक सफरचंद, दुपारी दोन फुलके आणि सॅलड, संध्याकाळी ग्रीन टी. तक्त्यात वैद्यकीय चूक काही नसते. पण अकरा वाजता तो माणूस रानात असतो, आणि सफरचंद मिळालंच तर ते आठवडी बाजारातून नातवासाठी घेतलेलं असतं. तक्ता घडी होऊन पिशवीत राहतो आणि त्यातलं एकच वाक्य घरात पोचतं, भात बंद, भाकर चालू.

म्हणून घरी गेले की मी आधी पीठ मोजते. लहानसा वजनकाटा पिशवीत असतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईला म्हणते, "काकू, एका भाकरीला घेता तेवढं पीठ या ताटलीत घ्या बरं." आमच्याकडची भाकर मोठी, तवा भरून थापलेली. पीठ ८० ग्रॅमच्या आसपास भरतं, काही घरांत १०० सुद्धा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या आट्यात ६४, पांढऱ्या तांदळात ७८. म्हणजे ८० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून ५४ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. शहरी तक्त्यातला पातळ फुलका २५ ग्रॅम आट्याचा असतो, त्यात १६. एक भाकर झाली तीन फुलक्यांहून जास्त, आणि रानात राबणारा माणूस एका बैठकीला तीन भाकरी सहज खातो. हा हिशेब मी तिथेच वहीच्या पानावर मांडते. घरातली शाळकरी पोरगी गुणाकार करते, आणि बाप पहिल्यांदाच स्वतःच्या ताटाकडे आकड्यांत बघतो.

ज्वारीची बाजू मी सोडत नाही. तिच्यात १०० ग्रॅमला १० ग्रॅम तंतू आहेत, पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाहीत. भाकर चावून खावी लागते, पोटात टिकते. पण धान्य बदललं आणि माप तेच राहिलं, तर साखरेला फारसा फरक पडत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचं सांगितलं. त्याच पाहणीतल्या आहाराच्या नोंदींचा अभ्यास २०२५ मध्ये नेचर मेडिसिन या नियतकालिकात आला. भारतीय माणूस आपली ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो, आणि नुसता तांदूळ-मैदा काढून त्याजागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ आणल्याने धोका कमी झालेला दिसत नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून त्या जागी डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं आणली तर तो कमी दिसतो. माझ्या ओपीडीतल्या माणसांना हे कळलं पाहिजे असं मला फार वाटतं, कारण "भाकर खा" हा सल्ला इथे प्रत्येक जण देतो आणि "वरण किती खाता" हे कुणीच विचारत नाही.

वरण विचारायला गेलं की खरी परिस्थिती दिसते. सहा माणसांच्या घरात रात्रीच्या वरणाला डाळ पडते दीड-दोन मुठी. काट्यावर ती ८० ग्रॅम भरली, तर माणशी १३ ग्रॅम डाळ आणि त्यातून तीन ग्रॅम प्रथिनं. बाकी पाणी, तिखट, येसर. पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत दिवसाला २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं असा हिशेब आहे. २५० ग्रॅम म्हणजे आमच्या मापाच्या तीन भाकरी, तेही दिवसभरात. आमच्याकडे धान्य त्याच्या दुप्पट जातं आणि डाळ पाव हिश्शावर राहते.

आणि ही तुरीची भूमी आहे. कापसात तूर, सोयाबीनमध्ये तूर, शिवारभर तुरीच्या ओळी. खळं झालं की पोती मोंढ्यावर जातात, कारण कृषी केंद्राची उधारी थकलेली असते. पुढे तीच डाळ दुकानातून पावशेर-अर्धा किलो करून विकत आणली जाते, आणि विकत आणलेली डाळ हात आखडूनच शिजते. मी घरातल्या कर्त्या माणसाशी यावर बोलते. सहा माणसांना माणशी ५० ग्रॅम डाळ धरली तरी वर्षाला एक क्विंटलच्या वर डाळ लागते, म्हणजे दीड क्विंटल तूर घरात ठेवायला हवी. काही जण हसून म्हणतात, "एवढी तूर घरी ठिवली तं बी-भरन्याला पैसा कुठून?" हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याला माझ्याकडे आहारशास्त्रातलं उत्तर नाही. तरी काही घरांनी एक पोतं ठेवायला सुरुवात केली आहे. मजुरांचं गणित वेगळं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून ते फुकट आहे, पण ते गहू आणि तांदूळ. मजुराच्या घरी ज्वारी विकतच आणावी लागते, कारण शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, बैल कमी झाले आणि कडब्याची गरजही तितकी उरली नाही. ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी मोतीसारखं रब्बी ज्वारीचं वाण दिलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं परभणी शक्ती हे वाण २०१८ मध्ये आणलं, त्याच्याच जिल्ह्यात गरीब माणूस फुकटचा तांदूळ सोडून महाग ज्वारी कशी खाणार? त्यामुळे "भात बंद" हे मी मजुराला सांगत नाही. भात एक वाटी, त्यावर घट्ट वरण दोन वाट्या, बाजूला कोरड्यास. खिचडी करायची तर तांदळाइतकीच मुगाची डाळ घालून. हे त्याला परवडतं आणि जमतं.

सोयाबीनचंही तुरीसारखंच. विद्यापीठाची एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-१६२ ही वाणं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत, पण घरात सोयाबीनचा दाणा शिजत नाही. त्यात ३५ टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. कच्चं दळून मात्र चालत नाही, पचनाला अडवणारे घटक त्यात असतात. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, वीस मिनिटं खळखळून उकळायचं, कडक उन्हात वाळवायचं, आणि नऊ किलो ज्वारीत एक किलो घालून दळून आणायचं. दळणाची चव थोडी बदलते, भाकर थापताना कडेला चिरते, सुनांच्या तक्रारी येतात. गरम पाण्यात पीठ मळलं की ती अडचण जाते. हे मला एका बाईनेच करून दाखवलं, आणि आता मी ते दुसऱ्या गावांत सांगते.

भाज्यांचं गणित महिन्यागणिक बदलतं. पावसाळ्यात तांदूळजा, घोळ, कुंजीर. हिवाळ्यात मेथी, शेपू, चुका, करडईची आणि हरभऱ्याची कोवळी भाजी, अंबाडी. तेव्हा ताटाचा अर्धा भाग भाजीने भरा म्हटलं तर भरता येतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ ला टेकतो, विहिरी तळ गाठतात, बाजारात भाजीचे भाव चढतात, आणि घरात बेसन आणि ठेचा राहतो. इथे जुन्या बायका माझ्यापेक्षा शहाण्या ठरतात. हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवलेला असतो, गवार आणि कारल्याच्या काचऱ्या असतात, मुगाच्या डाळीचे सांडगे असतात. आपण हे गरिबीचं खाणं म्हणून लपवतो. मी ते मुद्दाम विचारून घेते आणि पेशंटच्या कागदावर मे महिन्याच्या खाली लिहिते. बेसनसुद्धा वाईट नाही, हरभऱ्याच्या डाळीचंच आहे. फक्त ते भाकरीला लावण्यापुरतं न करता वाटीभर घट्ट करायचं. सोबत जवसाची किंवा कारळाची चटणी आणि ताक.

गुळाचा प्रश्न ऊसपट्ट्यात हमखास येतो. पाथरी, गंगाखेड, सोनपेठकडे लोक विश्वासाने विचारतात, "गूळ तं चालतो ना, त्यात केमिकल नसतं." गुळात १०० ग्रॅमला ८५ ग्रॅम कर्बोदकं आहेत. शुगर वाढवण्याच्या बाबतीत तो साखरेचा सख्खा भाऊ आहे, हे मी स्पष्ट सांगते. चहाचंही मोजते. दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, आणि कापसाच्या सीझनमध्ये, पाहुणेरावळ्यांत, सरकारी कचेरीत दिवसाला सहा चहा होतात. ते ६० ग्रॅम कुणाच्याच हिशेबात नसतात, कारण चहाला कुणी खाणं मानत नाही.

आता सर्वांत काळजीचे पेशंट. शहरातल्या माणसाच्या मनात शुगरचा पेशंट म्हणजे पोट सुटलेला, बसून काम करणारा. माझ्यासमोर बसलेल्यांत हाडं दिसणारे शेतमजूर पुष्कळ असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातल्या खेड्यांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने कमी असतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त असते, हे त्यांनी दाखवलं. आईचं गरोदरपणातलं खाणं आणि पुढे लेकराला होणारी शुगर यांचा संबंध मराठी मुलखातल्याच खेड्यांत तपासला गेला. अशा बारीक माणसाला "कमी खा" सांगणं घातक आहे. तो भाकर निम्म्यावर आणतो, तिच्या जागी काहीच येत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत वजन आणखी उतरतं. त्याला मी एक भाकर कमी करायला सांगते तेव्हा त्याच वेळी सांगते की मूठभर शेंगदाणे, दोन अंडी किंवा वाटीभर मोडाची मटकी, आणि घरचं दूध-दही वाढलं पाहिजे. अंडं खात नसेल तर डाळ आणि दही. आणि वजन झपाट्याने उतरत असेल, तहान-लघवी वाढली असेल, तर आहाराची चर्चा बाजूला ठेवून त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत पाठवते. तिथे इन्सुलिनची गरज असू शकते, आणि ताटातल्या बदलाने ती भागत नाही.

गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ जुळणं हा तर वेगळाच लढा आहे. कापूस वेचायला बायका सकाळी सातला निघतात. पोटात काळा चहा आणि ग्लिमेपिराइडची गोळी. भाकर फडक्यात बांधलेली, ती सुटते बारा-एक वाजता. मधल्या वेळात घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बाकीच्या बायका म्हणतात ऊन लागलं. शुगर ७० च्या खाली गेल्याची ही लक्षणं आहेत, हे गावातल्या प्रत्येक टोळीला माहीत असायला हवं. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायची आणि मग भाकर खायला लावायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. माझ्या यादीत म्हणूनच सकाळची पहिली ओळ अशी असते की निघण्यापूर्वी अर्धी भाकर आणि दही किंवा चटणी, मग गोळी. रात्रीची शिळी भाकर चालते. शिळी म्हणून कुणी लाजू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं जेवण मी दिवाळीआधीच ठरवते, कारण नंतर ती माणसं भेटत नाहीत. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, त्या दुपारी फडात खायच्या, रात्री कोपीवर परत तेच. तिथे भाजी नाही, डाळ शिजायला वेळ नाही. आम्ही भाजलेले हरभरे, शेंगदाण्याची चटणी आणि सोयाबीन मिसळलेलं पीठ सोबत बांधून देण्याचं ठरवतो. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी मातीचं मडकं, बाहेरून ओलं फडकं, कोपीच्या सावलीच्या कोपऱ्यात. गोळ्या पुढच्या काही महिन्यांच्या मिळाव्यात म्हणून आरोग्य केंद्रात बोलावं लागतं, आणि बोलल्यावर त्या मिळतात.

उपवास सोडा, असं मी कुणाला म्हणत नाही. गंगाखेड संत जनाबाईंचं गाव. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडवरूनच पंढरीला जाते. एकादशी ज्याच्या हाडामांसात आहे त्याच्याशी मी साबुदाण्यावर बोलते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याऐवजी भगर मोजून, एक वाटी, सोबत शेंगदाण्याची आमटी आणि ताक. त्या दिवशीची गोळी किती आणि कधी हे डॉक्टरांना आधी विचारून. वारीत चालणाऱ्याने खिशात साखरेची पुडी ठेवलीच पाहिजे. परभणी, जिंतूर, पाथरी इथल्या मुस्लिम कुटुंबांशी हेच बोलणं रमजानच्या आधी महिनाभर होतं. सहेरी टाळू नका, तिच्यात भाकर किंवा चपातीसोबत डाळ-अंडं असू द्या. इफ्तारला एक-दोन खजूर, मग पाणी, तळलेलं मागे ठेवा. रोजा चालू असताना बोटातून रक्त काढून शुगर पाहिली तरी चालते, असं बहुतेक उलेमा सांगतात. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायला हवा. एका आजींनी हे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "बेटा, ये मेरे घरवालों को बोल. मैं बोली तो बहाना समझते." मग मी त्यांच्या मुलासमोर आणि सुनेसमोर सगळं पुन्हा सांगितलं.

त्या आजींनी सांगितलं ते मला प्रत्येक घरात दिसतं. शुगर असलेला माणूस काय खाणार हे तो एकटा ठरवत नाही. पीठ किती मळायचं, डाळ किती टाकायची, वरण कुणाच्या ताटात आधी आणि किती घट्ट, हे चुलीपाशी ठरतं. म्हणून पुरुष पेशंट एकटा आला तर मी त्याला पुढच्या खेपेला घरातल्या बाईला घेऊन यायला सांगते. ती आली की तिला विचारते, तुम्ही जेवता कधी? उत्तर ठरलेलं असतं, सगळ्यांचं झाल्यावर. तेव्हा तळाशी पातळ वरणाचं पाणी राहिलेलं असतं आणि उरलेल्या भाकरी असतात. नवऱ्याच्या ताटात डाळ वाढवली की ती पहिल्यांदा हिच्या ताटातून कमी होते, आणि भाकरीने पोट भरणं हिच्याकडे येतं. हे टाळायचं तर पातेल्यातच डाळ वाढली पाहिजे, आणि ती वाढायचं माप ठरलं पाहिजे. मी एक वाटी ठरवून देते. त्या वाटीने घट्ट वरण सगळ्यांना एकदा, बाईलाही, आणि मग ज्याला पातळ लागेल त्याने पाणी घालून घ्यावं.

मानवतजवळच्या एका गावात असंच एका काकांचं जेवण ठरवत होते. काकांची उपाशीपोटीची शुगर गोळ्या घेऊनही दोनशेच्या खाली येत नव्हती. काकू सगळं नीट ऐकत होत्या, मध्येच उठून पाणी प्यायल्या, परत बसल्या, परत उठल्या. त्यांची तपासणी कधी झाली होती का, विचारलं. "मला काय धाड भरली? मी रोज रानात जाते," म्हणाल्या. आशाताईंनी तिथेच ग्लुकोमीटर काढला. जेवून तीन तास झाले होते आणि आकडा २८६ आला. काका काकूंकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिला बी माझ्याच गोळ्या चालतील का?" नाही, म्हटलं, यांचा केसपेपर वेगळा निघेल. मग कागदाच्या दुसऱ्या बाजूला काकूंचं नाव लिहिलं. सकाळी निघण्याआधी अर्धी भाकर आणि दही. दुपारी दीड भाकर, वाटीभर मटकी. रात्री एक भाकर, ठरलेल्या वाटीने घट्ट वरण, आणि जेवायला सगळ्यांसोबतच बसायचं. मंगळवारी उपाशीपोटी रक्त द्यायला दोघांनीही यायचं, एकाच गाडीने.